इटालियन क्रियापदं: अक्षरं कुठे तोडायची, आघात कुठे द्यायचा

सोनचाफा

इटालियन शिकणाऱ्या मराठी माणसाला व्यंजनं फारशी छळत नाहीत. तिथले त आणि द आपल्यासारखेच दंत्य. 'ग्रात्स्ये'मधला त्स म्हणजे आपल्या 'चाक'मधला च. द्वित्व तर 'पक्का', 'कच्चा' म्हणणाऱ्या जिभेला शिकवावंच लागत नाही. अडतं ते आघातापाशी. मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी शब्द तोच राहतो, म्हणून कान तिकडे लक्षच देत नाही. इटालियनमध्ये तो हलला की पुरुष बदलतो, काळ बदलतो, कधी क्रियापदच बदलतं. आणि बहुतेक रूपांत तो लिहून दाखवत नाहीत. म्हणून हा धागा, फक्त क्रियापदांपुरता.

खुणा अशा: अक्षरांमध्ये आडवी रेघ, आघाताच्या अक्षराआधी उभी खूण (ˈ). शब्दाच्या शेवटचा इ मी मुद्दाम ऱ्हस्व लिहिते आहे. आपल्या शुद्धलेखनाच्या सवयीने 'पार्ली' असं दीर्घ लिहिलं की वाचताना जोर शेवटावर जातो. वहीत इटालियन शब्द देवनागरीत उतरवणाऱ्यांची निम्मी चूक इथेच होते.

आघात किती महत्त्वाचा, ते या तीन शब्दांत दिसेल:

ˈका-पि-तो = मी येऊन टपकतो
का-ˈपि-तो = समजलेलं
का-पि-ˈतो = तो येऊन टपकला

तिसऱ्यात शेवटच्या ओवर लेखी खूण असते. पहिले दोन छापलेल्या पानावर हुबेहूब सारखे दिसतात.

आता पाया. 'पार्लारे' (बोलणे) वर्तमानकाळात:

मी ˈपार-लो
तू ˈपार-लि
तो/ती ˈपार-ला
आम्ही पार-ˈल्या-मो
तुम्ही पार-ˈला-ते
ते ˈपार-ला-नो

एकवचनाच्या तिन्ही रूपांत आणि 'ते'च्या रूपात आघात धातूवर. 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये प्रत्ययावर. सगळ्यात जास्त चुकतं ते शेवटचं रूप. 'पार-ˈला-नो' म्हणायचा मोह होतो, कारण 'पार-ˈला-ते' नुकतंच म्हटलेलं असतं आणि उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर जोर देणं हा इटालियनचा सर्वसाधारण कल आहे. पण इथे तो कल चालत नाही.

माझ्या मते पाठ करायचं सूत्र एकच: 'ते'चं रूप म्हणजे 'तो'च्या रूपाला शेवटी जोडलेलं एक जादा अक्षर, आघात जिथे होता तिथेच. हे जवळपास सगळ्या काळांत चालतं:

ˈपार-ला → ˈपार-ला-नो (बोलतो, बोलतात)
पार-ˈला-वा → पार-ˈला-वा-नो (बोलत असे, असत)
पार-ले-ˈरा → पार-ले-ˈरान-नो (बोलेल, बोलतील)
पार-ले-ˈरेब-बे → पार-ले-ˈरेब-बे-रो (बोलला असता, असते)
पार-ˈलास-से → पार-ˈलास-से-रो (कोंजुंतीवोचं, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या रूपांतलं, अपूर्ण भूतकाळाचं रूप)
ˈस्क्रिस-से → ˈस्क्रिस-से-रो (लिहिलं, त्यांनी लिहिलं)

पास्सातो रेमोतोमध्ये (दूरच्या, संपलेल्या भूतकाळात) पार-ˈलो चं पार-ˈला-रो-नो होतं. स्वर बदलला, पण आघात दुसऱ्या अक्षरावरून हलला नाही. नव्या शिकणाऱ्याने सहा-सहा रूपांच्या रांगा म्हणण्याआधी या जोड्या मोठ्याने म्हणाव्यात.

पाऊलवाट

चांगला धागा, सोनचाफा. दोन शंका. 'आबितारे' (राहणे) घेतलं तर धातूला दोन अक्षरं आहेत, आ आणि बि. 'मी राहतो' म्हणताना यातलं कुठलं धरायचं? आणि 'एरे'ने संपणाऱ्या मूळ रूपांना काही नियम आहे का? 'वेदेरे' आणि 'वेन्देरे' दिसायला इतके जवळचे, पण उच्चार वेगळे ऐकू येतात.

लघुगुरू

पाऊलवाट, दोन्ही शंकांची मुळं लॅटिनमध्ये आहेत आणि लॅटिनचा नियम वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाला एका वाक्यात कळेल. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर. लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. गुरू म्हणजे आपल्यासारखंच: दीर्घ स्वर, किंवा पुढे जोडाक्षर.

इटालियनमधून दीर्घ-ऱ्हस्व स्वरांचा हा भेद गेला, आघात मात्र जागच्या जागी राहिला. म्हणून आज पाहून ओळखता येत नाही.

आधी सोपा अर्धा भाग. धातूचं शेवटचं अक्षर व्यंजनाने बंद होत असेल तर आघात त्यावरच: राक-ˈकोन-तो (सांगतो), रि-ˈकोर-दो (आठवतो), दि-ˈवेन-तो (होतो). अपवाद फार थोडे. एक लक्षात ठेवण्याजोगा: 'आम्मिनिस्त्रारे' (कारभार पाहणे) चं आम-ˈमि-नि-स्त्रो होतं.

ते अक्षर उघडं असेल तर मात्र दोन्ही शक्यता उरतात. ˈआ-बि-तो, ˈदु-बि-तो (शंका घेतो), ˈमे-रि-तो (पात्र ठरतो) एका बाजूला. इन-ˈवि-तो (बोलावतो), सा-ˈलु-तो (नमस्कार करतो), इम-ˈपा-रो (शिकतो) दुसऱ्या बाजूला. 'आबितो'त बि लॅटिनमध्ये ऱ्हस्व होता, 'इन्वितो'त वि दीर्घ. 'ते'चं रूप वरच्या सूत्राने: ˈआ-बि-ता-नो. शेवटून चौथ्या अक्षरावर आघात! इटालियन लोक अशा शब्दाला 'बिज्द्रुच्चोला' म्हणतात. ते-ˈले-फो-ना-नो (फोन करतात), दि-ˈमेन-ति-का-नो (विसरतात), दे-ˈसि-दे-रा-नो (इच्छितात) हे सगळे त्यातले.

उघड्या अक्षरासाठी तीन कामाचे आधार:

नाम माहीत असेल तर त्याचाच आघात घ्या. फा-ˈति-का (कष्ट) वरून आफ-फा-ˈति-को. को-ˈलो-रे (रंग) वरून को-ˈलो-रो. ते-ˈले-फो-नो नाम आणि ते-ˈले-फो-नो 'मी फोन करतो' एकच. 'वालुतारे'चं (मूल्य ठरवणे) वा-ˈलु-तो हे रूप वा-ˈलु-ता (चलन) शी जुळतं. ˈवा-लु-तो असं पुष्कळ इटालियन म्हणतात, पण जपून बोलणारे वा-ˈलु-तो म्हणतात.

'इफिकारे'ने संपणारी सगळी क्रियापदं इफि-मधल्या पहिल्या इवर: वे-ˈरि-फि-को, मो-ˈदि-फि-को.

'एज्जारे' आणि 'इद्झारे' या शेपटांच्या क्रियापदांत आघात शेपटाच्या पहिल्या स्वरावर.

बाकी शब्दकोश. त्सिंगारेल्लि आणि त्रेक्कानि दोन्ही कोश क्रियापदापुढे कंसात 'मी'चं रूप आघाताच्या खुणेसह देतात. नवं क्रियापद वहीत उतरवताना मूळ रूपाशेजारी ते 'मी'चं रूप लिहिलंच पाहिजे. ते एक रूप नसेल तर वर्तमानकाळाची चार रूपं हवेत लटकतात.

आता 'एरे'. लॅटिनच्या दोन वेगळ्या गणांची इथे एकच वर्तनी झाली आहे. उपान्त्यावर आघात असणारी थोडी, म्हणून तीच पाठ करा: आ-ˈवे-रे, सा-ˈपे-रे, दो-ˈवे-रे, पो-ˈते-रे, वो-ˈले-रे, वे-ˈदे-रे, का-ˈदे-रे, ते-ˈने-रे, ते-ˈमे-रे, से-ˈदे-रे, गो-ˈदे-रे, वा-ˈले-रे, पा-ˈरे-रे, दो-ˈले-रे, प्या-ˈचे-रे, ता-ˈचे-रे, जा-ˈचे-रे, रि-मा-ˈने-रे, पेर-स्वा-ˈदे-रे, आणि यांना उपसर्ग लागून झालेली. उरलेली जवळजवळ सगळी धातूवर: ˈवेन-दे-रे (विकणे), ˈप्रेन-दे-रे (घेणे), ˈलेज-जे-रे (वाचणे), ˈस्क्रि-वे-रे (लिहिणे), ˈक्यु-दे-रे (बंद करणे), को-ˈनो-शे-रे (ओळखणे).

लॅटिन येणाऱ्यांनीही गाफील राहू नये. सापेरे आणि कादेरे लॅटिनमध्ये धातूवर आघाताची होती, इटालियनमध्ये सरकली. 'रिदेरे' (हसणे) उलट्या दिशेने: लॅटिनमध्ये उपान्त्यावर, आज ˈरि-दे-रे.

जुळारी

मजकूर जुळवणाऱ्यांच्या बाजूने थोडं. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम इटलीत उनि या मानक संस्थेच्या १९६९ च्या ६४६१ क्रमांकाच्या मानकात दिले आहेत आणि शाळेतही साधारण तेच शिकवतात.

दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या अक्षरात जातं: पा-गो. द्वित्व मधोमध तुटतं: लेज-जे-रे, पार-लाम-मो. 'क्व'च्या आधी क असेल तर तेही द्वित्वच समजायचं. ˈनाक-क्वे (जन्मला), ˈप्याक-क्वे (आवडलं), ˈताक-क्वे (गप्प बसला) ही तीन रूपं नेमकी इथेच चुकीची तुटतात.

ल, म, न, र नंतर दुसरं व्यंजन आलं तर मध्ये तोडा: पार-लो, कान-तो. व्यंजनामागून र किंवा ल आला तर जोडी फोडू नका: आ-प्रो (उघडतो), एन-त्रो, कोम-प्रो. 'पार्लो'त र आधी आणि ल नंतर आहे, म्हणून तिथे तुटतं. 'आप्रो'त प आधी आहे, म्हणून नाही.

ल्य, न्य, श हे ध्वनी इटालियन लिपीत दोन-तीन अक्षरचिन्हांनी लिहितात. ती चिन्हं एकमेकांपासून तोडायची नाहीत. वो-ल्यो (मला हवं आहे), सो-न्यो (स्वप्न पाहतो), का-पि-शे (त्याला समजतं).

आणि मराठी माणूस हमखास अडखळतो तो स. स आणि पुढचं व्यंजन दोन्ही पुढच्या अक्षरात: आ-स्पेत-तो, रि-स्पोन-दो, पार-ला-स्ति, फि-नि-स्को. आपला कान 'आस-पेत-तो' म्हणतो, इटालियन मुद्रक तसं तोडणार नाही.

तानपुरा

जुळारींचा नियम छपाईसाठी बरोबर आहे. उच्चारासाठी त्याला पुरवणी लागेल. इटालियनमध्ये आघाताचा स्वर अक्षर उघडं असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल तर लांबतो, बंद अक्षरात आखूड राहतो. 'पा-गो'तला आ लांब, 'पार-लो'तला आखूड. आता 'पार-ला-स्ति' ऐका: ला लांबत नाही. म्हणजे कानाला तो स मागच्या अक्षरालाच चिकटलेला असतो, लास-ति. छापताना स पुढे, म्हणताना स मागे. मराठी कान इथे चुकीचा नव्हता!

ल्य, न्य, श यांचंही तसंच. दोन स्वरांमध्ये आले की उच्चारात ते दुहेरी असतात. कागदावर वो-ल्यो, तोंडात वोल्-ल्यो. म्हणून त्यातला ओ लांबवायचा नाही.

यावरून एक इशारा. आघात दाखवण्यासाठी देवनागरीत दीर्घ स्वर लिहायची युक्ती बरेच जण करतात. उघड्या अक्षरांत ती चालते, बंद अक्षरांत नाही. 'फि-ˈनि-स्को' ला 'फिनीस्को' लिहिलं की नी ताणला जातो आणि उच्चार बिघडतो. सोनचाफांची उभी खूण जास्त चांगली.

पाऊलवाट

लघुगुरू, ती एकोणीस क्रियापदं वहीत उतरवली. आता स्वर शेजारी आले की काय करायचं? 'स्तूद्यो' दोन अक्षरांचं, मग 'इन्वीओ' तीनचं का? दोन्ही मूळ रूपांचा शेवट सारखाच आहे.

सोनचाफा

कारण इवर आघात आहे का नाही, हा फरक आहे. आघात नसलेला इ किंवा उ शेजारच्या स्वरात मिसळून एकच अक्षर होतो: ˈस्तु-द्यो (अभ्यास करतो), ˈकाम-ब्यो (बदलतो). आघात इवरच असेल तर तो मिसळत नाही: इन-ˈवि-ओ (पाठवतो), आव-ˈवि-ओ (सुरू करतो), ˈस्पि-ओ (हेरतो). आणि आ, ए, ओ यांपैकी दोन शेजारी आले तर नेहमी वेगळे: ˈक्रे-ओ, ˈक्रे-आ-नो (निर्माण करतो, करतात).

याचा परिणाम वर्तनीवर थेट होतो. 'तू'चा प्रत्यय इ आहे. ˈस्तु-दि मध्ये एकच इ लिहायचा. इन-ˈवि-इ मध्ये दोन, कारण पहिला आघाताचा आहे आणि तो गिळता येत नाही. कोंजुंतीवोतही तसंच: ˈस्तु-दि-नो, पण इन-ˈवि-इ-नो. 'आम्ही'मध्ये आघात प्रत्ययावर गेला की फरक संपतो: स्तु-ˈद्या-मो, इन-ˈव्या-मो. 'मी'चं रूप चुकीच्या जागी म्हणणारा माणूस 'तू'ची वर्तनीही चुकीची लिहितो, हे तपासून पाहा.

'मान्जारे', 'कोमिन्चारे' मधला लिखित इ तर स्वरच नाही, तो फक्त ज आणि च तालव्य आहेत एवढं सांगतो. देवनागरीत तो दिसतही नाही, ˈमान-जो, को-ˈमिन-चो.

कातरवेळ

एक गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही आणि मला ती या विषयातली सगळ्यात सुंदर वाटते. इटालियनची 'अनियमित' क्रियापदं बऱ्याच अंशी आघाताने आणि अक्षरविभागणीने घडवलेली आहेत.

'तेनेरे' (धरणे) घ्या:

ˈतेन-गो, ˈत्ये-नि, ˈत्ये-ने, ते-ˈन्या-मो, ते-ˈने-ते, ˈतेन-गो-नो

कुठे ए, कुठे य्ये, का? आघात असलेल्या उघड्या अक्षरात लॅटिनचा ऱ्हस्व ए फुटून य्ये झाला. त्ये-नि उघडं आहे, फुटला. तेन-गो बंद आहे, फुटला नाही. ते-ˈन्या-मो मध्ये ते उघडं असूनही आघात नाही, म्हणून फुटला नाही. ओचंही असंच व्वो होतं: ˈव्वो-ले (त्याला हवं आहे), पण वो-ˈले-ते (तुम्हाला हवं आहे). आणि 'वोल्यो' का नाही फुटला? तानपुरांनी सांगितलं तेच: तोंडात ते वोल्-ल्यो आहे, बंद अक्षर. ˈपोस-सो (मी करू शकतो) आणि ˈप्वो (तो करू शकतो) यांतला फरकही इथलाच.

ज्या चार रूपांत आघात धातूवर, तिथे एक रूप. उरलेल्या दोन रूपांत दुसरं. ˈदे-वो पण दोब-ˈब्या-मो. ˈए-स्को (बाहेर पडतो) पण उ-ˈशा-मो. ˈवा-दो पण आन-ˈद्या-मो, जिथे दोन वेगळे धातूच एका क्रियापदात येऊन बसले आहेत. 'फिनिरे'सारख्या क्रियापदांत याच चार जागी इस्क घुसतो: फि-ˈनि-स्को, फि-ˈनि-शि, फि-ˈनि-शे, फि-ˈन्या-मो, फि-ˈनि-ते, फि-ˈनि-स्को-नो. त्यामुळे आघात सहाही रूपांत फिनंतरच राहतो, धातूवर येतच नाही.

पास्सातो रेमोतोत नकाशा वेगळा, तत्त्व तेच. ˈस्क्रिस-सि, स्क्रि-ˈवे-स्ति, ˈस्क्रिस-से, स्क्रि-ˈवेम-मो, स्क्रि-ˈवे-स्ते, ˈस्क्रिस-से-रो. आघात धातूवर तिथे अनियमित, प्रत्ययावर तिथे नियमित. त्यामुळे सहा नाही, एकच रूप पाठ करायचं असतं.

लघुगुरू

कातरवेळ, उत्तम. भविष्यकाळही यात जोडतो. पार-ले-ˈरो हा मुळात मूळ रूप अधिक 'माझ्याकडे आहे' या क्रियापदाचं रूप असा जोड आहे. आघात त्या दुसऱ्या क्रियापदाचा, म्हणून शेवटावर. मागचा अनाघात स्वर कधी गळतोही: वे-ˈद्रो, आन-ˈद्रो, दो-ˈव्रो.

आणि कान इथे तीक्ष्ण हवा: पार-ले-ˈरे-मो (आम्ही बोलू) आणि पार-ले-ˈरेम-मो (आम्ही बोललो असतो) यांत आघात एकाच जागी आहे, फरक फक्त म एकेरी की दुहेरी एवढाच. यात मराठी माणूस इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा पुढे असतो. पहिल्यातला रे लांबवा, दुसऱ्यातला आखूड ठेवा.

सोनचाफांच्या यादीला पुरवणी: अपूर्ण भूतकाळात 'आम्ही'चा आघात पुढे सरकतो, पार-ला-ˈवा-मो. पण कोंजुंतीवोच्या अपूर्ण रूपात सरकत नाही: पार-ˈलास-सि-मो. तिथे 'पार-लास-ˈसि-मो' म्हणणं ही वरच्या वर्गातही टिकून राहणारी चूक आहे.

पाऊलवाट

शेवटची शंका. क्रियापदाला 'मला', 'त्याला', 'ते' असे छोटे शब्द चिकटतात, तेव्हा आघात हलतो का? आणि लेखी खूण नक्की कुठे द्यायची?

कातरवेळ

हलत नाही, कितीही चिकटले तरी. ते-ˈले-फो-ना (फोन कर) → ते-ˈले-फो-ना-मि. पोर-ˈतान-दो → पोर-ˈतान-दो-ल्ये-लो. को-ˈमु-नि-का → को-ˈमु-नि-का-ल्ये-लो (त्याला ते कळव), इथे आघातानंतर चार अक्षरं!

खरी अडचण मूळ रूपाला चिकटताना येते, कारण शेवटचा ए गळतो. वे-ˈदे-रे → वे-ˈदेर-लो, ठीक. पण ˈप्रेन-दे-रे → ˈप्रेन-देर-लो. देर हे अक्षर बंद झालंय, लघुगुरूंचा नियम आठवून 'प्रेन-ˈदेर-लो' म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. तो नियम धातूच्या आतल्या अक्षरांसाठी आहे, चिकटलेल्या शब्दांनी बंद केलेल्या अक्षराला तो लागू नाही. ˈलेज-जेर-लो, ˈस्क्रि-वेर-ल्यि तसंच.

जुळारी

लेखी खुणेचं मी सांगतो. एकाहून जास्त अक्षरांच्या शब्दात आघात शेवटावर असेल तर खूण सक्तीची: पार-ˈलो, पार-ले-ˈरा. खूण डावीकडून उजवीकडे उतरती. फक्त ए बंद असेल तर चढती: पो-ˈते (करू शकला), क्रे-ˈदे (त्याला वाटलं) या रूपांत चढतीच हवी, आणि नेमकी तिथेच उतरती छापलेली दिसते.

एकाक्षरी रूपांना सहसा खूण नाही: फु, फा, वा, स्ता बिनखुणेचे. 'दा' (देतो) ला खूण आहे, कारण 'पासून' अर्थाचा दा वेगळा ठेवायचा असतो, 'ए' (आहे) ला 'आणि'पासून वेगळं ठेवायला, 'प्वो'लाही आहे. उपसर्ग लागून दोन अक्षरं झाली की खूण परत येते: फा बिनखुणेचा, रि-ˈफा खुणेसह.

आज्ञार्थातले दि, फा, वा, दा, स्ता यांना मात्र आघाताची खूण नव्हे, शेवटी लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी). फा, वा, दा, स्ता यांच्याऐवजी पूर्ण फाय, वाय, दाय, स्ताय ही रूपंही चालतात; दि ला मात्र लोपचिन्ह हवंच.

तानपुरा

त्याच आज्ञार्थांना पुढे शब्द चिकटला की व्यंजन दुहेरी होतं: दा + मि = ˈदाम-मि, दि + मि = ˈदिम-मि, फा + लो = ˈफाल-लो, वा + चि = ˈवाच-चि. ल्यि आला तर लेखनात दुहेरी करत नाहीत. हे द्वित्व मध्य आणि दक्षिण इटलीत शब्द सुटे असतानाही ऐकू येतं, फक्त लिहीत नाहीत: पार-ˈलो नंतर 'बेने' आलं की 'पार्लो ब्बेने' (चांगलं बोलला). ˈपार-लो (मी बोलतो) नंतर मात्र साधं 'बेने'. म्हणजे तिथल्या बोलण्यात 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' यांतला फरक पुढच्या शब्दाच्या पहिल्या व्यंजनावरूनही पकडता येतो. उच्चाराची खात्री करायची असेल तर राई या इटलीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा दोप हा उच्चारकोश बघा, जालावर फुकट आहे. त्यात हे द्वित्वही नोंदवलेलं असतं.